नाण्यावरचे बंदर

पितळेची एक जाड चकती आहे. साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास रुंद, वजनाला दोन तोळ्यांहून जरा अधिक. तिच्या दर्शनी बाजूवर जाड मानेचा, कपाळावर बटांच्या रांगा रचलेला रोमचा सम्राट नीरो आहे. पण आपण त्याला क्षणभर पालथा घालू, कारण या नाण्याचे खरे वैभव त्याच्या पाठीवर आहे. तिथे एक अख्खे बंदर वसले आहे. इसवी सन ६४ च्या सुमारास पाडलेल्या या ‘सेस्टर्शियस’वर रोमजवळच्या ऑस्टियाचे बंदर दाखवले आहे, आणि तेही आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीला दिसावे तसे. एका बाजूने ओवऱ्यांची रांग घेऊन वळत आलेला धक्का, दुसऱ्या बाजूने लाटा अडवणारा बांध, वर मधोमध दीपस्तंभावर उभी देवमूर्ती, आणि या दोन दगडी बाहूंच्या कवेत विसावलेली गलबते. कुणाचे शीड भरलेले, कुणाचे गुंडाळलेले, कुणाची वल्ही पाण्यात उतरलेली. तळाशी एक जलदेव कोपरावर रेलून पहुडला आहे. त्याच्या एका हातात सुकाणू, दुसऱ्या हाताशी डॉल्फिन. दिवसभराची भरती-ओहोटी उरकून निवांत झालेल्या गृहस्थासारखी त्याची बैठक आहे.

हे सारे बोटांच्या चिमटीत मावते. ठसा कोरणाऱ्याने ते पोलादासारख्या कठीण धातूत उलटे कोरले असणार, उजव्याचे डावे आणि उंचवट्याचा खळगा करून. मग तापलेली चकती दोन ठशांमध्ये धरून वरून घण घातला, की एका घावात समुद्र उमटला. त्या कारागिराचे नाव कुणी नोंदवलेले नाही. त्याने मात्र प्रत्येक डोलकाठीवरून खाली येणारा दोर नोंदवला आहे, आणि अशी निष्ठा पाहिली की आपले बोट त्या रेषेवरून आपोआप फिरू लागते.

आणि मग रंग. वीस शतके मातीत राहिलेल्या पितळेवर, काशावर, तांब्यावर हिरव्या-तपकिरी रंगाची जी साय चढते, तिला संग्राहक ‘पाटिना’ म्हणतात. आपल्या घरांत या हिरव्याशी जुने वैर आहे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिले तर ते कळकते, आणि तो हिरवट डाग दिसताच चिंच नि राख घेऊन भांडे लखलखीत होईपर्यंत घासणाऱ्या हातांत आपण वाढलो. नाण्यापाशी मात्र ते हात मागे घ्यावे लागतात. चिंचेने घासलेले जुने नाणे पिवळेधमक होते आणि त्यावरचा चेहरा बुळबुळीत. काळाने पोकळीत भरलेली गर्द छाया निघून जाते, आणि ज्या छायेमुळे नाकाची धार नि डोळ्याची खोबण उठून दिसत होती तीच हरवते. हिरव्याकंच सायीखालचे रोमन पितळ ज्याने एकदा तिरप्या उन्हात धरून पाहिले आहे, त्याला पुन्हा चकाकीचा मोह होत नाही.

मी हे सुरतेत, तापीच्या काठी बसून लिहितो आहे, आणि नीरोचे ते बंदर मी छायाचित्रातच पाहिले आहे. पण ते पाहताना मन उत्तरेला धावते. गाडीने तासाभरावर असलेल्या भडोचकडे, नर्मदेच्या मुखाकडे. कारण नेमक्या त्याच काळात, पहिल्या शतकाच्या मध्यावर, ईजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने आपल्या सागरी वाटचालीची जी पुस्तिका लिहिली, त्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोचचे, त्याच्या ‘बॅरिगाझा’चे, वर्णन आहे. त्याच्या शब्दांतले बंदर नीरोच्या नाण्यावरच्या बंदराहून किती निराळे! इथे दगडी बाहू नाहीत. खाडीचे तोंड अरुंद, तळाशी वाळूचे दांडे, आणि भरतीचा लोंढा असा की नांगरलेली जहाजेही उलथावीत. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठाल्या नावा घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परक्या जहाजांना दोर लावीत आणि भरतीच्या वेळा सांभाळत टप्प्याटप्प्याने नदीत ओढून आणीत. रोमने बंदर दगडाने बांधले. आपल्या किनाऱ्यावर ते कोळ्यांच्या मनगटांनी बांधले होते. त्याच पुस्तिकेत खाडीच्या तोंडाजवळ ‘कम्मोनी’ नावाच्या गावाचा उल्लेख येतो, आणि सुरतेजवळचे तापीकाठचे कामरेज ते हेच, असे काही अभ्यासक मानतात.

भडोचला काय उतरत होते? इटलीची मदिरा, तांबे, कथील, शिसे, पोवळे. आणि सोन्याचांदीची रोमन नाणी, जी स्थानिक चलनात बदलून घेताना नफा होई. इथे थोडे थांबू. तांबे आले, कथील आले, म्हणजे कासे ज्यापासून होते ते सारे आले. पण नीरोच्या त्या देखण्या पितळी नाण्यांचे नाव यादीत नाही. कारण सोपे आहे. सोन्याचांदीची किंमत तिच्या वजनात असते, ती कुठल्याही तराजूत टिकते. पितळ-तांब्याच्या नाण्याची किंमत राज्याच्या शब्दात असते, आणि तो शब्द समुद्र ओलांडला की ऐकू येईनासा होतो. पुढे चौथ्या-पाचव्या शतकांत झिजून गुळगुळीत झालेली बारकी रोमन तांब्याची नाणी तमिळ प्रदेशात नि श्रीलंकेत पुष्कळ आली, ती कहाणी निराळी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर रोमचे पितळ फारसे आले नाही. चित्र मात्र आले. ते कशावर बसून आले, ते पाहणे हा या रसिकतेतला सर्वांत मोठा आनंद आहे.

आधी तांबेच घेऊ. क्षहरात घराण्यातला पहिला ठाऊक असलेला क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती, भूमक. त्याची ओळख आपल्याला त्याच्या तांब्याच्या नाण्यांतूनच आहे, आणि ती गुजरातच्या किनारपट्टीत सापडतात. एका बाजूला बाण नि वज्र. दुसऱ्या बाजूला सिंहशीर्ष आणि धर्मचक्र. भोवती खरोष्ठी आणि ब्राह्मी अक्षरे. चेहरा नाही. खुणा आहेत, आणि त्या खुणांत युद्ध नि धर्म शेजारी शेजारी उभे आहेत. नाणे खडबडीत, ठसा बहुतेक वेळा कडेला सरकलेला. पण वज्राचा तो कमरेशी आवळलेला आकार एकदा ओळखता आला की झिजलेल्या तुकड्यांतूनही तो डोळ्यांना हाक मारतो.

त्याच्यानंतर नहपान येतो, आणि नाण्यावर एकदम माणूस अवतरतो. पेरिप्लसमधला भडोचचा राजा ‘मंबनोस’ तो हाच, असे बहुतेक विद्वान मानतात. हे नाणे चांदीचे, सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, नखाहून थोडे मोठे. एका स्नेह्याच्या संग्रहातले एक मी तळहातावर घेतले तेव्हा त्याचे वजन जाणवलेच नाही. जाणवली ती नजर. उजवीकडे वळलेला चेहरा, मानेपर्यंत उतरलेले केस, मोठा उघडा डोळा. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या जुन्या यवन, म्हणजे ग्रीक, राजांचे द्रम्म अजून चालत होते, असे पेरिप्लसच सांगतो. शिवाय रोमची दिनारे उतरत होतीच. या दोन्ही घडणींवर पोसलेला कुणी इथला ठसेकार राजाचा चेहरा कोरायला बसला, आणि त्याने जे निर्माण केले ते ना निव्वळ यवन, ना रोमन. गालाचा मांसलपणा, ओठांची किंचित पुढे आलेली ठेवण आपल्या ओळखीची वाटते. पाठीवर भूमकाचेच बाण आणि वज्र. म्हणजे घराण्याची खूण राहिली, तिच्यासमोर चेहरा येऊन बसला.

आता अक्षरांकडे वळू, कारण या इवल्या वर्तुळात तीन लिप्या नांदतात. पाठीवर ब्राह्मीत ‘राञो क्षहरातस नहपानस’, तिथेच खरोष्ठीत तेच, आणि चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरांची माळ. ती ग्रीक म्हणून वाचायला जावे तर अर्थ लागत नाही. मग ओठ हलवून उच्चार करावा, आणि काय ऐकू यावे? ‘रन्निओ क्षहरातस नहपानस’! लिपी यवनांची, भाषा प्राकृत. तीन लिप्या, तीन वाचक, तीन बाजारपेठा; वाक्य एकच. त्यातही नहपानाच्या नावातला ‘ह’ भिंगाखाली धरा. दोन उभे दांडे आणि मध्ये एक आडवी पट्टी, एका पायरीच्या शिडीसारखे ते अक्षर आहे. ग्रीकांकडे ते दीर्घ ‘ए’साठी वापरत, ‘ह’साठी ते वापरी ती रोमन लिपी. म्हणजे यवनी अक्षरांच्या रांगेत, राजाच्या नावाच्या ऐन मध्यावर, रोमचे एक अक्षर आपला रोमन आवाज घेऊन उभे आहे. सोने आले नि वितळले, मदिरा आली नि संपली. हा ‘ह’ अजून तिथेच आहे.

आणि शेवटचा तो ‘स’. नहपानस, म्हणजे नहपानाचे. संस्कृतातल्या षष्ठीच्या ‘स्य’चा प्राकृतात ‘स्स’ झाला, आणि आपल्या चतुर्थीतला ‘स’ त्याच वाटेने आला, असे भाषाभ्यासक मानतात. आपण ‘रामास’, ‘घरास’ म्हणतो तेव्हा जिभेच्या टोकावर जो ‘स’ येतो, त्याचा पूर्वज या चांदीच्या काठावर ग्रीक सिग्माच्या कोरीव चंद्रकोरीत बसलेला आहे. नाणेशास्त्राच्या ग्रंथांत हे फारसे कुणी थांबून सांगत नाही. मराठी वाचकाला मात्र इथे थांबल्यावाचून पुढे जाववणार नाही.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला. एक-दोन मुठी नव्हेत. तेरा हजार दोनशे पन्नासहून अधिक नाणी. रेव्हरंड स्कॉट यांनी १९०८ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि त्यातली एक गोष्ट मला कधीही जुनी होत नाही: नाव सर्वत्र नहपानाचेच असूनही चेहरे एकसारखे नाहीत. कुठे तरुण, कुठे वृद्ध. कुठे भरल्या गालांचा, कुठे हाडे वर आलेला. नाके तर इतकी निरनिराळी की हे एकाच माणसाचे चित्र आहे यावर विश्वास बसू नये. स्कॉट यांना तर हे एकाच घराण्यातल्या वेगवेगळ्या माणसांचे चेहरे असावेत असे वाटले. मला त्यात ठसेकारांचे हात दिसतात. एकाने राजाला दुरून पाहिले असेल, दुसऱ्याने पाहिलेच नसेल. तिसऱ्याने आपल्या थोरल्या काकांचे नाक उचलून राजाला बहाल केले असेल. रोममध्ये सम्राटाचा अधिकृत चेहरा ठरे आणि साम्राज्यभर तो उतरवला जाई. इथे तशी सक्ती दिसत नाही, आणि म्हणून त्या हजारो तुकड्यांत जणू एक अख्खी जत्रा आपल्याकडे पाहत उभी आहे.

या साठ्यातली नऊ हजारांहून अधिक नाणी दुसऱ्यांदा ठोकलेली आहेत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला, आणि नहपानाची चांदी वितळवण्याऐवजी तिच्यावरच आपली मुद्रा उमटवली: एका बाजूला तीन कमानींचा चैत्य, त्याखाली वाहत्या पाण्याची नागमोडी रेघ, भोवती आपले नाव, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे अधिकाच्या चार टोकांना चार वर्तुळे. हे दुसरे ठोके अगदी घाईत बसलेले आहेत. कित्येक नाण्यांवर चैत्याच्या कमानीखालून नहपानाचा डोळा डोकावतो, उज्जयिनीच्या वर्तुळातून त्याची हनुवटी बाहेर येते, सातकर्णीच्या नावाच्या अक्षरांत ग्रीक अक्षरे अडकून राहतात. नाशिकच्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूल केल्याचे अभिमानाने कोरवून घेतले आहे. दगड तसे सांगतो. नाणे मात्र जित आणि जेता या दोघांनाही एकाच बोटभर चांदीत सांभाळते, आणि मला ते दगडाहून अधिक सच्चे वाटते.

पुढचा भाग तर याहून गोड आहे. ज्या सातवाहनांनी तो चेहरा घणाखाली घातला, त्यांनीच पुढे स्वतःचा चेहरा नाण्यावर आणला. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला तेव्हा त्यातून यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. त्यावर राजाची मुद्रा आहे. उजवीकडे वळलेली, क्षत्रपांच्याच धाटणीची. शत्रू गेला, त्याने आणलेली पाहण्याची रीत घरची झाली.

याच सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर एक गलबत आहे. ही नाणी मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर सापडतात, पण त्यांच्यापाशी न थांबता कसे चालेल? शिसे हा मऊ, काळसर, जड धातू. त्यावर रेषा रुतते पण धार धरत नाही. तरीही त्या कारागिराने चंद्रकोरीसारखा बाकदार सांगाडा, त्यातून उभ्या राहिलेल्या दोन डोलकाठ्या आणि त्यांना ताणून धरणारे दोर असे काही बसवले आहेत, की नीरोच्या बंदरातल्या दोरांची आठवण यावी. मागे पुन्हा उज्जयिनी चिन्ह. रोमच्या जुन्या काशाच्या ‘अ‍ॅस’ या नाण्यावर एका बाजूला दोन तोंडांचा जेनस देव असे आणि दुसऱ्या बाजूला जहाजाची नाळ. रोमची पोरे ते उडवून ‘डोकी की जहाज’ असा पुकारा करीत. आपल्याकडे ‘छापा की काटा’. दोन्ही टोकांची पोरे तेच करीत आली: वर फेकलेल्या धातूकडे श्वास रोखून पाहणे. ते जहाज आणि सातवाहनांचे जहाज यांच्यात शिक्क्याचे नाते आहे असे मी म्हणणार नाही. दोघांनी समुद्राकडे पाहिले, आणि दोघांना तो खिशात ठेवावासा वाटला.

सुरतेने पुढे स्वतःची टांकसाळ पाहिली. मोगलांच्या काही रुपयांवर ‘बंदर-ए-मुबारक सुरत’ अशी अक्षरे येतात. तिथे चित्र नाही. बंदर फक्त लिहिलेले आहे, डौलदार फारसी वळणांत. ती कला फार थोर. तरी मन मात्र पुन्हा डोलकाठीवरच्या दोराकडे जाते.

चित्र चांदीवर आले, शिशावर आले, आणि शेवटी मातीवरही आले. तेरला, म्हणजे पेरिप्लसच्या ‘तगर’ला, जिथून माल गाड्यांवर लादून भडोचला जाई, तिथे रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत. सम्राटाचे मस्तक मातीत उमटवलेले, आणि वर ओवण्यासाठी कडी. ती नाणी चालवायची नव्हती, गळ्यात घालायची होती. ज्या बाईने ती ओवली तिला रोम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिला तो गोल, त्यातला चेहरा, त्याचा दिमाख आवडला. आपल्याकडची पुतळ्यांची माळ आठवा. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर कोरलेल्या आकृती पाहून मराठीने त्याला ‘पुतळी’ म्हटले, आणि परदेशी संत नि राजपुरुष आपल्या लेकीसुनांच्या गळ्यात कुलदेवतेच्या मायेने विसावले. तेरची ती मातीची कडी आणि आजीच्या पेटीतली पुतळी यांच्यात दीड हजार वर्षे आहेत; ओवणाऱ्या बोटांची हौस तीच आहे.

शेवटी परत तापीकडे. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, आपल्या दानांची यादी कोरवून घेतली आहे. दुसऱ्या एका लेखात तो कार्षापण आणि सुवर्ण यांचा भावही देतो: पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण. हे कार्षापण म्हणजे बहुधा तळहातावर घेतलेली नहपानाची तीच चांदी. पण मला मोहवते ती नद्यांची ओळ. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका: या नद्यांवर त्याने धर्मार्थ नावा ठेवल्या, उतारूकडून काही न घेता पैलतीरी पोचवणाऱ्या. मुंबईहून सुरतेला येताना गाडी डहाणू ओलांडते, वापीजवळ दमणगंगा ओलांडते, पारडीजवळ पार नदी ओलांडते, आणि मग येते तापी. तो प्रवास आपण कितीदा केला असेल!

नाशिकला गेलात तर जवळच्या अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संस्थेचे संग्रहालय आहे. तिथे नहपानाचा चेहरा पाहा, शक्य तर भिंग मागून घ्या, आणि नावातला तो ‘ह’ शोधा. मग पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभे राहा. मागच्या भिंतीवर, छताखाली, ब्राह्मीत तापीचे नाव आहे. तिच्या नावेला नाणे लागत नव्हते.